भिलाईचा गोलंदाज आणि कोपराचा नियम

भारतीय कसोटी क्रिकेटमध्ये ऑफस्पिन गोलंदाज राजेश चौहान यांच्या नावावर एक वेगळीच नोंद आहे. जानेवारी १९९३ ते मार्च १९९८ या काळात ते भारतातर्फे २१ कसोटी सामने खेळले आणि त्यांपैकी एकाही सामन्यात भारताचा पराभव झाला नाही. सुनील गावसकर, कपिल देव, सचिन तेंडुलकर यांच्या कारकिर्दीत विजयांबरोबर पराभवांचेही डोंगर आहेत. चौहान यांच्या खात्यात पराभवाचा रकाना रिकामा आहे.

असे असूनही या पाच वर्षांच्या मध्यावर तब्बल अडीच वर्षांहून अधिक काळ ते कसोटी संघाबाहेर राहिले. चेंडू टाकताना त्यांचा हात कोपरात वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, अशी शंका घेतली गेली होती. आंतरराष्ट्रीय सामन्यात कोणत्याही पंचाने या कारणावरून त्यांचा चेंडू कधी 'नो-बॉल' ठरवला नाही. मात्र ही शंका त्यांच्या नावाला चिकटली ती कायमची.

क्रिकेटमध्ये कोपर सरळ होणे हा एवढा मोठा दोष का मानला जातो? त्याचे मोजमाप कसे होते? आणि चौहान खेळत असताना ते का होऊ शकत नव्हते? भिलाईच्या या गोलंदाजाची कारकीर्द समजून घ्यायची, तर या प्रश्नांपासूनच सुरुवात करावी लागते.

टाकणे आणि फेकणे

मराठीत 'चेंडू टाकणे' आणि 'चेंडू फेकणे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत आणि क्रिकेटचा सारा वाद या दोन क्रियापदांमधील अंतराचा आहे. दगड भिरकावताना माणूस हात कोपरात वाकवतो आणि झटक्याने सरळ करतो. ही मानवी शरीराची नैसर्गिक हालचाल आहे. भालाफेकीत तीच उपयोगी पडते, सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू पाठवणारा क्षेत्ररक्षकही तेच करतो. गोलंदाजाला मात्र त्याची मनाई आहे. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आल्यापासून चेंडू बोटांतून सुटेपर्यंत कोपर अंशतः किंवा पूर्णतः सरळ होता कामा नये, असे क्रिकेटचा नियम सांगतो. मनगटाच्या हालचालीवर बंधन नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये अशा फेकीच्या चेंडूला अनेक ठिकाणी 'बट्टा' म्हणतात, आणि त्यावरून होणारी भांडणे कोणत्याही गावाला नवी नाहीत.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. हात वाकलेला असणे हा मुळात गुन्हा नाही. वाकलेला हात चेंडू सुटेपर्यंत तेवढाच वाकलेला राहिला, तर चेंडू वैध ठरतो. आक्षेप आहे तो वाकलेला हात सरळ करण्यावर, कारण त्यातून चेंडूला गतीची आणि फिरकीची अतिरिक्त जोड मिळते.

बेसबॉल या खेळाशी तुलना केली, तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बेसबॉलमधील 'पिचर' हा आपल्या गोलंदाजाचा चुलतभाऊ म्हणता येईल. तो मातीच्या उंचवट्यावर उभा राहून १८.४४ मीटर अंतरावरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. त्याचे कोपर दर चेंडूला वाकते आणि झटक्याने सरळ होते. त्याला कोणी अडवत नाही, उलट तीच त्याची कला मानली जाते. या झटक्याची किंमत तो वेगळ्या रीतीने मोजतो. कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध ताणून तुटणे हा पिचरचा व्यावसायिक आजार आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात शरीरातीलच दुसरा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया केली. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळले आणि ती शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बेसबॉलच्या पिचरचे आयुष्य आणखी एका बाबतीत वेगळे असते. व्यावसायिक संघ आपल्या खेळाडूंची सर्रास देवाणघेवाण करतात. अमेरिकेचे एडविन जॅक्सन हे याचे टोकाचे उदाहरण. आपल्या विसाव्या वाढदिवशी, ९ सप्टेंबर २००३ रोजी, त्यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सतर्फे पदार्पण केले आणि २०१९ पर्यंत ते १४ वेगवेगळ्या मेजर लीग संघांतून खेळले. हा विक्रम आहे. एका संघाला नकोसा झालेला पिचर दुसऱ्या शहरात नवी सुरुवात करू शकतो. चौहान यांच्या पिढीच्या भारतीय गोलंदाजाला ही सोय नव्हती. तो ज्या राज्यात राहील त्या राज्याच्या संघातून खेळणार, आणि तेथून वर जायला एकच दार, ते म्हणजे भारतीय संघाचे. ते बंद झाले, की नवे शहर शोधून उपयोग नसे.

पोलादनगरीतून

राजेश चौहान यांचा जन्म १९ डिसेंबर १९६६ रोजी रांची येथे झाला. त्यांचे नाव मात्र जोडले गेले ते भिलाईशी. मुंबई–हावडा लोहमार्गावर नागपूर, गोंदिया, राजनांदगाव ही स्थानके ओलांडली की दुर्ग आणि त्याला लागून भिलाई येते. तत्कालीन सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याबरोबर आखीव-रेखीव सेक्टर वसवले गेले, आणि कारखान्याच्या आधाराने खुर्सीपारसारख्या कामगार वस्त्या वाढल्या. देशाच्या सर्व भागांतून लोक येथे कामाला आले. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. म्हणूनच भिलाईला 'लघु भारत' म्हणण्याचा प्रघात पडला.

सार्वजनिक क्षेत्रातील अशा वसाहतींनी भारतीय खेळांना बरेच काही दिले आहे. मैदाने होती, शाळा होत्या, आणि चांगल्या खेळाडूला नोकरी मिळण्याची शक्यता होती. क्रिकेटच्या नकाशावर मात्र भिलाई आडबाजूलाच होते. त्या काळी हा भाग मध्य प्रदेशात होता. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यामुळे भिलाईच्या खेळाडूला प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळायचे तर मध्य प्रदेशाच्या संघात स्थान मिळवावे लागे, आणि त्या राज्याच्या क्रिकेटचे केंद्र होते दूरवरचे इंदूर. मुंबईच्या शिवाजी पार्कवरील मुलाला निवड समितीचे सदस्य येता-जाता दिसत. भिलाईच्या मुलाला ते वर्तमानपत्रातच भेटत. चौहान मध्य प्रदेशाच्या संघातून खेळले आणि तेथून भारतीय संघापर्यंत पोहोचले, ही गोष्ट या अंतराच्या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

तीन फिरकी गोलंदाजांचा डाव

जानेवारी १९९३ मध्ये ग्रॅहम गूच यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ भारतात आला. कर्णधार महंमद अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांनी या मालिकेसाठी एक सरळ डावपेच आखला. मायदेशातील खेळपट्ट्यांवर एकाच वेळी तीन फिरकी गोलंदाज खेळवायचे. अनिल कुंबळे यांची लेगस्पिन, व्यंकटपती राजू यांची डावखुरी फिरकी आणि तिसरे नवे नाव राजेश चौहान. २९ जानेवारी १९९३ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केले. याच सामन्यात इंग्लंडने चार वेगवान गोलंदाज खेळवले, यावरून दोन्ही संघांच्या वाचनातील फरक दिसतो.

भारताने कोलकाता, चेन्नई आणि मुंबई या तिन्ही कसोटी जिंकल्या. इंग्लंडच्या गोटातून कोलकात्याच्या धुरकट हवेपासून चेन्नईत बाधलेल्या कोळंबीपर्यंत अनेक कारणे पुढे आली. प्रत्यक्षात इंग्लंडचे फलंदाज फिरकीपुढे अडखळले, एवढेच त्याचे उत्तर होते. कुंबळे यांनी मालिकेत २१ बळी घेतले आणि ठळक बातम्या त्यांच्या वाट्याला गेल्या. ते स्वाभाविकच होते.

चौहान यांचे काम निराळे होते. एका टोकाकडून कुंबळे आक्रमण करत असताना दुसऱ्या टोकाकडून धावा मिळू न देणे, ही त्यांची जबाबदारी होती. उंचीचा मोह दाखवून फलंदाजाला पुढे खेचणारी अभिजात ऑफस्पिन त्यांची नव्हती. टप्पा राखायचा, वेगात किंचित बदल करायचा आणि फलंदाजाला हात मोकळे करू द्यायचे नाहीत, हा त्यांचा मार्ग होता. संपूर्ण कसोटी कारकिर्दीत त्यांनी षटकामागे अडीचपेक्षाही कमी धावा दिल्या. ४७ बळी आणि साडेएकोणचाळीसच्या आसपासची सरासरी हे आकडे पाहून कोणी त्यांना सामान्य गोलंदाज ठरवील. पण समोरचे टोक बंद झाल्यामुळे कुंबळे यांच्याविरुद्ध धोका पत्करणे फलंदाजांना भाग पडे, आणि त्यातून मिळालेला बळी धावफलकावर कुंबळे यांच्या नावावर जाई. धावफलक अशा मदतीची नोंद ठेवत नाही.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेत कोलंबोच्या सिंहलीज स्पोर्ट्स क्लब मैदानावर भारताने कसोटी जिंकली. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर परदेशात मिळालेला हा भारताचा पहिला कसोटी विजय होता. त्यानंतर १९९४ च्या प्रारंभी मायदेशात श्रीलंकेविरुद्ध तिन्ही कसोटी डावाने जिंकल्या गेल्या. तीन फिरकी गोलंदाजांचे हे सूत्र भारतीय क्रिकेटचा हुकमी एक्का बनले होते.

डोळ्यांनी दिलेला निकाल

१९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. मुंबईची कसोटी भारताने जिंकली, नागपूरची अनिर्णित राहिली. मोहालीच्या तिसऱ्या कसोटीत चौहान यांच्या जागी आशिष कपूर यांनी पदार्पण केले. तो सामना भारत हरला. चौहान यांच्या 'अपराजित' विक्रमात अशा न खेळलेल्या सामन्यांचाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यानंतर ऑगस्ट १९९७ पर्यंत त्यांना एकही कसोटी सामना मिळाला नाही. त्यांच्या गोलंदाजीच्या शैलीविषयी उघडपणे प्रश्न विचारले जाऊ लागले होते.

त्या काळी अशा प्रश्नाचे उत्तर देण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे माणसाचा डोळा. पंचाला चेंडू फेकला गेल्याचे वाटले, तर त्याने 'नो-बॉल' द्यायचा. गोलंदाजाचा हात एका क्षणाच्याही अंशात खांद्यावरून खाली येतो. त्या अवधीत कोपर किती अंशांनी सरळ झाले, हे स्क्वेअर लेगला उभ्या असलेल्या माणसाने ओळखायचे होते.

डोळ्याची अडचण केवळ वेगाची नाही. हात कोपरात थोडा वाकलेला ठेवून कोणी खांद्यातून फिरवला, तर समोरून पाहणाऱ्याला तो आधी वाकलेला आणि मग सरळ झालेला दिसतो. प्रत्यक्षात कोपराचा कोन बदललेला नसतो, बदललेली असते ती पाहणाऱ्याला दिसणारी बाजू. वाकवलेली तार बोटांत धरून फिरवली, की भिंतीवरच्या तिच्या सावलीत हा भास कोणालाही पाहता येईल. दूरचित्रवाणीचा एक कॅमेरा म्हणजे अशीच एक सावली. त्यात ऑफस्पिन गोलंदाजाचा हात चेंडूला फिरकी देताना आतून बाहेरच्या दिशेला वळतो. त्यामुळे ऑफस्पिनर हे संशयाचे नेहमीचे गिऱ्हाईक ठरले. अर्थात, यातून प्रत्येक संशय खोटा होता असे मात्र सिद्ध होत नाही. काही गोलंदाज खरोखरच चेंडू फेकत होते. अडचण ही होती, की खरे-खोटे वेगळे करण्याचे साधन नव्हते.

या डोळ्याने यापूर्वीही कारकिर्दी संपवल्या होत्या. डिसेंबर १९६३ मध्ये ब्रिस्बेन येथे पंच कॉलिन एगर यांनी ऑस्ट्रेलियाचे डावखुरे वेगवान गोलंदाज इयान मेकिफ यांचे एकाच षटकातील चार चेंडू अवैध ठरवले. मेकिफ यांनी त्या सामन्यानंतर क्रिकेटला रामराम ठोकला. भारताचे सय्यद आबिद अली यांच्यावरही १९६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यात हा प्रसंग आला. त्यांची कथा मात्र गमतीची आहे. यजमान गोलंदाज गॅरी बार्टलेट यांच्या शैलीकडे पंच दुर्लक्ष करत असल्याच्या निषेधार्थ त्यांनी मुद्दामच चेंडू फेकला होता.

चौहान संघाबाहेर असतानाच या वादाचा मोठा स्फोट झाला. २६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्न येथे पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेचे मुथय्या मुरलीधरन यांचे सात चेंडू फेकलेले ठरवले. कर्णधार अर्जुन रणतुंगा आणि श्रीलंकेचे क्रिकेट मंडळ मुरलीधरन यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले. त्यांची तपासणी पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील आणि हाँगकाँग येथील तज्ज्ञांकडून करवून घेण्यात आली. मुरलीधरन यांचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होऊ शकत नाही, हे त्यातून पुढे आले. पुढे त्यांनी ८०० कसोटी बळींचा विक्रम केला. एखाद्या गोलंदाजाची तपासणी करवून घेण्याची तयारी त्याचे मंडळ दाखवते की नाही, यावर त्या काळी कारकीर्द अवलंबून असे.

कोलंबोतील दोन दिवस, कराचीतील एक चेंडू

ऑगस्ट १९९७ मध्ये श्रीलंका दौऱ्यावर चौहान कसोटी संघात परतले. तेंडुलकर कर्णधार होते. पुनरागमनासाठी याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. कोलंबोच्या प्रेमदासा स्टेडियमवर भारताने ८ बाद ५३७ धावांवर डाव घोषित केला. डोंबिवलीचे नीलेश कुलकर्णी यांनी आपल्या कसोटी कारकिर्दीतील पहिल्याच चेंडूवर मर्वन अटापट्टू यांना बाद केले. त्यानंतर सनत जयसूर्या आणि रोशन महानामा यांनी सलग दोन दिवस भारताला एकही बळी मिळू दिला नाही. दोघांनी ५७६ धावांची भागीदारी केली. श्रीलंकेचा डाव ६ बाद ९५२ वर घोषित झाला. कसोटी क्रिकेटमधील ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे.

या डावात चौहान यांनी ७८ षटके टाकली, २७६ धावा दिल्या आणि एक बळी घेतला. कसोटीच्या एका डावात यापेक्षा अधिक धावा त्यापूर्वी केवळ एका गोलंदाजाने दिल्या होत्या. १९३८ मध्ये ओव्हल येथे ऑस्ट्रेलियाचे फ्लीटवुड-स्मिथ यांनी २९८ धावा मोजल्या होत्या. अर्थात चौहान यांचा तो एकमेव बळीही साधासुधा नव्हता. ब्रायन लारा यांचा ३७५ धावांचा तत्कालीन विक्रम दृष्टिपथात असताना, ३४० धावांवर जयसूर्या त्यांच्या गोलंदाजीवर सौरव गांगुली यांच्या हाती झेल देऊन परतले. हा सामना अनिर्णित राहिला, म्हणजे चौहान यांच्या विक्रमाला धक्का लागला नाही. त्यांच्या सरासरीचे मात्र मोठे नुकसान झाले. हा एक डाव वगळून हिशेब केला, तर त्यांची सरासरी ३५ च्या आत येते.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांना प्रसिद्धी मिळाली, आणि ती मिळाली फलंदाजीमुळे. ३० सप्टेंबर १९९७ रोजी कराची येथे पाकिस्तानविरुद्धचा एकदिवसीय सामना होता. प्रेक्षकांमधून झालेल्या दगडफेकीमुळे पाकिस्तानचा डाव ४७.२ षटकांतच थांबवण्यात आला. भारतापुढे ४७ षटकांत २६६ धावांचे लक्ष्य होते. सामना अखेरच्या षटकापर्यंत ताणला गेला तेव्हा आठ धावांची गरज होती आणि चेंडू होता जगातील त्या वेळच्या सर्वोत्तम ऑफस्पिनरांपैकी एक असलेल्या सकलैन मुश्ताक यांच्या हाती. चौहान यांनी त्यांना षटकार ठोकला. भारताने तीन चेंडू राखून सामना जिंकला. पाकिस्तानच्या भूमीवरील त्या विजयाचे अप्रूप एवढे होते, की आजही चौहान यांचे नाव निघाले की पिढीतल्या बहुतेकांना प्रथम तो षटकार आठवतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या धावा रोखल्या, त्याची ओळख सहा धावांनी ठरावी, हा क्रिकेटचाच खोडकरपणा.

मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेन्नई आणि कोलकाता येथील कसोटी सामन्यांत तेच तीन फिरकी गोलंदाज पुन्हा एकत्र आले. चेन्नईत तेंडुलकर यांनी शेन वॉर्न यांच्याविरुद्ध नाबाद १५५ धावा केल्या आणि भारताने १७९ धावांनी सामना जिंकला. कोलकात्यात एक डाव आणि २१९ धावांनी विजय मिळाला. जेथे सुरुवात झाली त्याच ईडन गार्डन्सवर चौहान आपला अखेरचा कसोटी सामना खेळले. पुढच्या, बंगळूरच्या कसोटीत ऑफस्पिनर म्हणून १७ वर्षांचे हरभजन सिंग मैदानात उतरले. तो सामना भारताने गमावला.

विशेष म्हणजे हरभजन यांच्याही शैलीवर त्याच वर्षी शंका घेतली गेली आणि त्यांना इंग्लंडचे माजी ऑफस्पिनर फ्रेड टिटमस यांच्याकडे पाठवण्यात आले. त्यांचे वय लहान होते, त्यांना वेळ मिळाला. ३१ वर्षांच्या चौहान यांच्याकडे तो नव्हता.

पंधरा अंश

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) या विषयाला शास्त्रीय पायावर आणायला नवे शतक उजाडावे लागले. सुरुवातीला फिरकी गोलंदाजांसाठी ५ अंश, मध्यमगती गोलंदाजांसाठी साडेसात अंश आणि वेगवान गोलंदाजांसाठी १० अंश अशी सूट ठरवण्यात आली. २००४ मध्ये इंग्लंडमधील चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत गोलंदाजांच्या हालचालींचे जलदगती कॅमेऱ्यांनी चित्रण झाले. त्याच्या विश्लेषणाचा निष्कर्ष धक्कादायक होता. ज्यांचे कोपर मुळीच सरळ होत नाही, असा गोलंदाज जवळपास सापडतच नव्हता. ग्लेन मॅकग्रा, शॉन पोलॉक यांच्यासारख्या, ज्यांच्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते अशा गोलंदाजांचे कोपरही १० अंशांहून अधिक सरळ होत असल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ असा, की नियमाची अक्षरशः अंमलबजावणी केली असती तर खेळायला गोलंदाजच उरले नसते. अखेर १ मार्च २००५ पासून सर्व प्रकारच्या गोलंदाजांसाठी १५ अंशांची एकच मर्यादा लागू झाली. साधारण एवढ्या कोनानंतरच कोपराचे सरळ होणे नुसत्या डोळ्यांना जाणवू लागते, असा त्यामागचा तर्क होता. म्हणजे डोळा पूर्णपणे बाद झाला नाही. त्याच्या क्षमतेचेच रूपांतर आकड्यात करण्यात आले.

आता पद्धत अशी आहे. सामन्यात शंका आली तर पंच आणि सामनाधिकारी अहवाल देतात. गोलंदाजाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावे लागते. त्याच्या हातावर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवले जातात, चहूबाजूंनी कॅमेरे लावले जातात आणि संगणक त्याच्या कोपराच्या कोनाचे त्रिमितीय चित्र उभे करतो. एका सावलीऐवजी सर्व बाजूंनी पाहणे, असे त्याचे वर्णन करता येईल. २०१४ मध्ये चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठातील केंद्राला आयसीसीची मान्यता मिळाली. त्याच वर्षी पाकिस्तानचे सईद अजमल या कसोटीत अनुत्तीर्ण ठरले आणि त्यांच्या गोलंदाजीवर बंदी आली. कठोर असला तरी तो निकाल आकड्यांवर आधारलेला होता, आणि शैलीत सुधारणा करून पुन्हा तपासणीला येण्याची वाट त्यात खुली होती. राजेश चौहान यांच्या वेळी ना आकडा होता, ना त्यावर दाद मागण्याची सोय.

या प्रश्नाची दुसरी बाजूही भारतातच पाहायला मिळाली. २००८ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेसाठी भारतात पिचर शोधण्याची मोहीम झाली. क्रिकेटवेड्या देशात गोलंदाजांची उणीव नव्हती. निवड झाली ती मात्र उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंची. सरळ हाताने चेंडू टाकण्याची सवय बेसबॉलमध्ये उपयोगाची नसते, तेथे फेकणारा हात लागतो. पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांशी करार केला. क्रिकेटमध्ये ज्या हालचालीच्या संशयाने एका गोलंदाजाची अडीच वर्षे गेली, तीच हालचाल या दोघांना अमेरिकेला घेऊन गेली.

भिलाईतील क्रिकेटपटूंसाठी परिस्थिती त्यानंतर बरीच बदलली आहे. नया रायपूर येथे शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे मोठे स्टेडियम उभे राहिले आणि २१ जानेवारी २०२३ रोजी तेथे भारत–न्यूझीलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. छत्तीसगढला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्व २०१६ मध्ये मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महंमद कैफ यांच्या नेतृत्वाखाली राज्याचा संघ आपला पहिला रणजी सामना खेळला आणि त्याने त्रिपुराचा पराभव केला. तटस्थ मैदानांच्या धोरणामुळे हा सामना झाला रांचीत, म्हणजे चौहान यांच्या जन्मगावी. त्यांच्या अखेरच्या कसोटीला तोपर्यंत अठरा वर्षे उलटून गेली होती.